पाठीवर न दिलेला पाय

धुळ्यात एका परक्या घराच्या फरशीवर मी पालथी पडले होते आणि विमल माझ्या पाठीवर पाय द्यायला तयार नव्हती.

तिनं पाय धुतले होते. घरमालकीण जिजींनी दिलेल्या पंच्यानं पुसले होते. बाया माझ्याभोवती गोल करून उभ्या होत्या, दारात व्याह्यांकडची माणसं जमली होती, आणि माझं तोंड फरशीला टेकलेलं असल्यामुळे मला सगळ्यांचे फक्त पाय दिसत होते. जोडवी घातलेले, भेगा पडलेले, मोज्यातले. त्यांत विमलचा उजवा पाय मी ओळखत होते. तो उचलला गेला. दिसेनासा झाला, म्हणजे माझ्या पाठीवर आला असणार. मग परत फरशीवर टेकला.

"नही," विमल म्हणाली. "मी नही देत पाय."

"अवो, दी टाक ना माय," जिजी म्हणाल्या. "म्हतारी बाई कण्ही ऱ्हायनी."

"नही देत."

मागून व्याहीणबाईंचा आवाज आला, "भाव खाई ऱ्हायनी ती!" दोघी-तिघी हसल्या.

मला हसू आलं नाही. कमरेत कोणीतरी पहार घालून ठेवावी तसं झालं होतं आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हिला माझं खापर पाहिजे. मी अशीच पडून राहिले तर खापर हिचं, गिऱ्हाइकं हिची.

जळगाव

मी मांडे करते. इतर ठिकाणी मांडे म्हणजे काय म्हणतात मला माहीत नाही, आमच्या खानदेशात खापरावरच्या पुरणपोळीला मांडे म्हणतात. पुरण भरलेली पोळी पोळपाटावर थोडीच लाटायची. मग ती दोन्ही हातांवर घ्यायची आणि तळव्यापासून कोपरापर्यंत झुलवत झुलवत वाढवायची, इतकी की तिच्यातून पलीकडचा विस्तव दिसावा. मग पुढं वाकून चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. टाकताना हात कापला की मांडा फाटला. लग्न, साखरपुडा, जावयाचं जेवण असलं की लोक मांडेवालीला बोलावून नेतात. मी सासूच्या हाताखाली शिकले. खापरही तिचंच. नवं खापर पोळी धरून ठेवतं, मुरलेलं खापर पोळी सोडतं. माझं मुरलेलं आहे, म्हणून ते मी कोणाच्या हातात देत नाही. प्रवासात गोधडीत गुंडाळून मांडीवर घेते.

मला संशयी म्हणतात. आमच्या जळगावच्या सराफात सोनं घासल्याशिवाय कोणी घेत नाही, त्याला कोणी संशयी म्हणत नाही. मी माणूस घासून बघते, एवढंच.

विमल आमच्या गल्लीतली. नवरा डाळ मिलमध्ये. माहेर साक्रीकडचं, त्यामुळे तिची बोली अजून तिकडचीच. पुरण वाटायला, कणीक तिंबायला माझ्याबरोबर येते. हात चांगला आहे. इतका चांगला, की कोणी तिचं कौतुक केलं की मी चुलीत फुंकर घालायला वाकते. आणि ती पायाळू आहे. म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली. कोणाला उसण भरली, पाठीत चमक निघाली, की पायाळू माणसाचा पाय पाठीवर फिरवून घेतात. आमच्या गल्लीत सकाळी सकाळी तिच्या दारात कोणी ना कोणी कंबर धरून उभं असतं. मी स्वतः दोन वेळा तिच्याकडून पाय घेतला आहे आणि उसण गेली आहे. या एका बाबतीत मी तिच्यावर कधी शंका घेतली नव्हती.

धुळ्याची ऑर्डर नानांच्या घरची होती. नाना म्हणजे जिजींचे यजमान, नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलीचा साखरपुडा आणि व्याह्यांना जेवायला खापरावरचे मांडे. माघातली थंडी होती. युसूफभाईचा छोटा टेम्पो ठरवला. एरवी तो त्यात प्लॅस्टिकचे पाईप वाहतो, कंपनीतून शेतावर. माणूस बरा आहे, पण गाडी चालवताना बोलतो, आणि बोलताना मागे बघतो.

निघतानाच वाद झाला. पुढं युसूफभाईशेजारी एकच जागा.

"अक्का, तुम्ही पुढे बठा," विमल म्हणाली. "मांगे हादरे बसतंस. खापर मी धरसू."

बघा. खापर मी धरसू.

"तू बस पुढं," मी म्हटलं. "मले मागची हवा लागते."

"माघात हवा?" युसूफभाई म्हणाला. "अक्का, मागे बसून बर्फ होशील."

"तू पुढं बघून गाडी चालव, मग कोणाले काय होणार नाही."

तो हसला. मी मागे पाईपांच्या फडक्यावर गोधडी टाकून बसले, खापर मांडीवर, दोन्ही हात खापरावर.

पारोळ्याच्या पुढं

एरंडोलपर्यंत ऊन वर आलं. रस्ता आता मोठा झाला आहे. पूर्वी एसटीनं जाताना शेतं खिडकीजवळ यायची, हात काढला तर दादरचं कणीस हाताला लागेल असं वाटायचं. दादर म्हणजे आमची थंडीतली ज्वारी. आता शेतं लांब गेली आणि मध्ये कठडे आले. मागे बसल्यावर रस्ता पुढून येत नाही, मागे पळतो. कपाशी वेचून झालेली, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. मध्येच हरभऱ्याचा हिरवा तुकडा.

पारोळ्याला चहा घेतला. विमलनं स्वतःहून पैसे काढले, तेव्हाच मला वाटलं, हिचं काहीतरी आहे. ती म्हणाली, "आते तरी पुढे बठा." मी खापर उचललं आणि मागे जाऊन बसले.

पुढच्या एका गावापाशी पुलाचं काम चालू होतं आणि रस्ता बाजूनं वळवला होता. कच्च्या वळणावर मातीचा उंचवटा. युसूफभाई त्या वेळी विमलला त्याच्या भाचीच्या लग्नातल्या बिर्याणीचं सांगत होता, हे मला मागून ऐकू येत होतं. रिकामा टेम्पो उडाला. मीही उडाले. माणूस उडालं की हात कशाला तरी धरायला जातात. माझे खापरावर होते, तिथंच राहिले. मी जशी बसले होते तशीच खाली पत्र्यावर आपटले. कमरेत कट् असा आवाज झाला. मला तो खापराचा वाटला.

मी आधी गोधडी सोडून बोटानं खापर वाजवलं. चिरलेलं खापर भद् वाजतं. माझं टण् वाजलं. मग मला दुखायला लागलं.

"अक्का, लागलं का?" युसूफभाई धावत मागे आला.

"खापर बरं आहे," मी म्हटलं.

"खापराचं कोण विचारतं? तुला लागलं का?"

"नाही."

विमल त्याच्यामागे उभी होती. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला तिचं ते बघणं आवडलं नाही. कोंबडी विकत घेताना बाई जशी बघते तसं ती बघत होती.

धुळे, पहिला दिवस

धुळ्यातल्या जुन्या भागात गल्ल्यांना नंबर आहेत. जळगावात पत्ता सांगायचा तर मारुती, पिंपळ, पिठाची गिरणी असं सगळं सांगावं लागतं, तिथं नंबर सांगितला की काम झालं. मला ते बरं वाटलं, फसवायला जागा कमी.

टेम्पोतून उतरताना मी कशी उतरले ते सांगते, कोणाच्या उपयोगी पडलं तर पडू दे. आधी कुशीवर झाले, मग हातावर जोर देऊन दोन्ही पाय एकदम खाली सोडले. कंबर अजिबात वळवली नाही. घरात गेल्यावर न्हाणीत जाऊन जुन्या लुगड्याची घडी कमरेला इतकी गच्च आवळली की श्वास वरच राहिला. त्यानं बसता येत होतं. नानांच्या घरी खुर्चीचा संडास होता. एरवी मी त्याला नाक मुरडते. त्या दिवशी मुरडलं नाही.

जिजी बारीक, चपळ बाई. मला बघूनच म्हणाल्या, "काय व्हयनं माय? कंबर कसाले धरी ऱ्हायनात?"

"थंडी," मी म्हटलं.

त्यांनी एक गोळी आणून दिली. पांढरी, नाव नसलेली, अर्धी तोडलेली. अर्धी कोणी खाल्ली आणि तिचं काय झालं हे कळल्याशिवाय मी गोळी घेत नाही. तोंडात टाकल्यासारखं केलं आणि पोलक्यात ठेवली.

जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि बेसनाच्या पातोड्यांची भाजी होती. आमच्याकडेही हेच करतात, पण धुळ्याची तिखटाची मोजपट्टी वेगळी. आमच्या भाजीला तर्री असते, त्यांच्या तर्रीत भाजी असते. नाना म्हणाले, "अक्का, जळगाववाल्यांना भरीत सोडून दुसरं काही येतं का?" मी म्हटलं, "येतं ना. धुळेवाल्यांना मांडे करून द्यायला येतं." नाना खूप हसले. हसणारा यजमान मला चालतो. गोड बोलणारा चालत नाही.

जेवून उठले आणि अंगणात हात धुवायला गेले. परत आले तेव्हा विमल दारात उभी. तिच्या हातात माझी डावी चप्पल.

"अक्का, हाई तुम्हनी."

मी खाली बघितलं. डावा पाय अनवाणी होता. थंड फरशीवरून चालत आले होते आणि मला कळलं नव्हतं.

"पट्टा ढिला झाला आहे," मी म्हटलं आणि चप्पल ओढून घेतली.

पट्टा ढिला नव्हता. ते मलाही दिसत होतं आणि तिलाही. झोपताना ती म्हणाली, "तेल लावी देऊ का?" मी नको म्हटलं. मग म्हणाली, "सकाळी मांडासले मी बठू?" बघा, शेवटी आलीच तिथं. मी भिंतीकडे तोंड केलं. गुडघ्यांखाली उशी घातली की जरा बरं वाटतं, हे त्या रात्री मला कळलं. एका कुशीवरून दुसरीवर जायला मात्र लई वेळ लागायचा. डाव्या पायाची बोटं हलवून बघितली. हलत होती. हलत आहेत हे डोळ्यांनी बघूनच कळत होतं.

धुळे, दुसरा दिवस

चूल मागच्या अंगणात मांडली होती. मी पाट चुलीला एरवीपेक्षा जवळ लावला, इतका की गुडघ्यावरचं लुगडं तापायला लागलं. कारण वाकायचं नव्हतं. मांडा हातावर फिरवताना दुखत नाही, दुखतं ते खापरावर टाकायला पुढं झुकताना. चूल जवळ असली की झुकणं अर्ध्यावर येतं. पाठीला भिंत घेतली. मनगटावरची लव जळाली. पण मांडे उतरले, आणि चांगले उतरले. एवढं मी स्वतःच सांगते, कारण त्या दिवशी सांगायला कोणाला सवड राहिली नाही.

मध्येच विमल वाकून हळूच म्हणाली, "अक्का, आते उठा. बाकीना मी टाकस."

आता आमच्यात एक दंडक आहे. ज्या बाईनं खापर तापवलं तिनंच ते उतरवायचं. मध्ये हात बदलायचा नाही. सासू म्हणायची, बदललेला हात खापर ओळखत नाही. मी तिला कधी मध्येच उठताना पाहिलं नाही आणि मीही कधी उठले नाही. विमलला हे माहीत होतं. माहीत असून ती उठा म्हणत होती.

"तुले घाई आहे का?" मी विचारलं.

"माले काय घाई? तुम्हनं तोंड पांढरं व्हई गयं."

"पिठानं झालं असेल."

ती पुरणाचे गोळे करू लागली. रागानं केलेले गोळे कधी सारखे होत नाहीत. तिचे सारखे झाले. हेही माझ्या मनात राहिलं.

व्याही जेवायला बसले. रशी म्हणजे आमची झणझणीत आमटी, भात, कुरडई, मांडे, वर तुपाची धार. व्याह्यांनी घडी उलगडून मांडा उजेडाला धरला आणि म्हणाले, "अरे, वर्तमानपत्र वाचता येईल यातून!" आतून मला ऐकू आलं. मी शेवटचा मांडा काढला, खापर उतरवून राखेवर ठेवलं आणि उठायला गेले.

पाय उठले नाहीत. डावा तर आपला नव्हताच. मी आडवी पडले. एवढं ओरडले म्हणे, की बाहेर पंगतीतले लोक ताटावरून उठले. मला ओरडल्याचं आठवत नाही. बायांनी उचलून आतल्या खोलीत नेलं आणि पालथी घातली.

"उसण भरनी," जिजींनी सांगून टाकलं. "दिवसभर चुलीजवळ बठनात आणि थंडीमा उठनात. उसणच शे." मग एकदम त्यांचा आवाज मोकळा झाला. "अवो, आपल्याजवळ पायाळू शे ना! औषध घरमाच शे!"

सगळ्या सुटल्यासारख्या हसल्या. मीही मनात म्हटलं, चला. या एका गोष्टीवर माझा भरवसा होता. विमलनं पाय धुतले. पुसले. उचलला. आणि ठेवला.

इथवर तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं आहे.

"पाय दे, विमल," मी फरशीतूनच म्हटलं. "सगळ्या गावाले देते, मले द्यायला काय झालं?"

"हाई उसण नही, अक्का. तुम्ही पडेल शेत."

"कोण पडलं?"

"टेम्पोमा. मी आवाज ऐकेल शे."

"तो खापराचा होता."

"खापर तर टण् वाजनं."

बायांना काही कळेना. जिजी म्हणाल्या, "अवो, पडेल का उसण, पाय फिरावाले काय जास? फरक नही पडना तर नही पडना."

"पडेल माणूसले पाय देतस नही," विमल म्हणाली. "मनी आजी सांगे. पडेलले नही, दिवस जायेल बाईले नही."

नाना दारातून म्हणाले, "मागच्या गल्लीतला दूधवाला पायाळू आहे. त्याला बोलावतो. उगाच वाद नको, पाहुणे बसलेत."

तो दूधवाला मी सकाळी पाहिला होता. म्हशीएवढाच होता. तरी मी म्हटलं, "बोलवा." विमलला दाखवायचंच होतं मला, की तुझ्यावाचून अडत नाही.

थोड्या वेळानं दारात दोन मोठे, चिखल वाळलेले पाय आले. ते धुवायला न्हाणीकडे गेले. मला पाण्याचा आवाज ऐकू येत होता. तेवढ्यात विमल माझ्या पायांशी बसली.

"अक्का, सांगा. मी तुमना पाय धरेल शे का सोडेल शे?"

"कोणता?"

"डावा."

"धरलाच नाहीस तू. कशाला नाटक करते?"

बांगड्याही वाजेनात. मी कशीबशी मान वळवली. जिजी तोंडावर हात ठेवून माझ्या पायांकडे बघत होत्या. विमलनं माझा डावा अंगठा दोन्ही हातांनी गच्च दाबून धरला होता. नखं रुतलेली होती. रक्त आलं होतं. मला काहीच लागत नव्हतं.

दूधवाला पाय धुऊन दारात आला. त्यानंही बघितलं आणि तो तिथूनच मागे फिरला.

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींना भ्याले नाही. त्या क्षणी भ्याले. मरणाला नाही. मेलं तर एकदाच. पण जिवंत राहून पाय गेले, तर दुसऱ्याच्या हातचं खावं लागतं, दुसऱ्याच्या हातानं उठावं लागतं, आणि कोण कसं बघतंय हे बघायला मानही वळवता येत नाही. संशय घ्यायलासुद्धा माणसाला पाय लागतात.

दवाखाना

मला उचलायचं कसं यावर सगळे बोलायला लागले. खाटेवर नको, खाट मध्ये खोल जाते. शेवटी पंगतीचं लोखंडी टेबल पाय दुमडून आणलं, त्यावर सतरंजी घातली आणि मला लाकडाच्या ओंडक्यासारखं, न वळवता, त्यावर सरकवलं. खाली रशीचा डाग होता, त्याचा वास दवाखान्यापर्यंत आला. व्याह्यांनी स्वतः एक कोपरा धरला. साखरपुड्याला आलेल्या माणसाला हे करावं लागलं.

युसूफभाईनं टेम्पो बैलगाडीसारखा चालवला. मागे गाड्या भोंगे वाजवत होत्या. एक जण शेजारून ओरडला, "वरात आहे का?" युसूफभाई म्हणाला, "हो, नवरी मागे झोपली आहे!" आणि मग मागे वळून माझ्याकडे बघून लगेच म्हणाला, "सॉरी अक्का."

"पुढं बघ," मी म्हटलं.

डॉक्टरीण तरुण होती. तरुण डॉक्टर मशीनवर जास्त विसंबतात, म्हणून मी आधीच सांगितलं, "मले मशीनमध्ये घालायची गरज नाही. आणि ऑपरेशन करणार नाही."

"आजी, मी अजून काही म्हटलंच नाही."

"म्हणायच्या आधीच सांगते."

तिनं मशीनमध्ये घातलंच. फोटो दिव्यासमोर धरून मला दाखवला. मणक्यांची रांग होती, त्यातला एक चपटा झालेला, पायाखाली आलेल्या काडेपेटीसारखा. म्हातारपणी हाडं पोकळ होतात आणि असं बसल्या बसल्या आपटलं तरी चेपतात, म्हणाली. त्याचा एक कोपरा मागे सरकून पायाच्या नसेला टेकला होता.

"कोणी चोळलं? दाबलं? पाय वगैरे दिला का पाठीवर?" तिनं विचारलं. तिला हे माहीत होतं म्हणजे ती इकडचीच असणार.

"देत होते. दिला नाही."

"नशीब. माणसाचं वजन पडलं असतं तर हा कोपरा आणखी आत गेला असता. मग मला तुमच्याशी ऑपरेशनवर भांडायलाही काही उरलं नसतं."

मी तिच्याकडे नीट बघितलं. खोटं बोलणारा माणूस वाक्य संपल्यावर तुमच्याकडे बघतो, पटलं का म्हणून. ती फोटोकडे बघत होती.

ऑपरेशन लागलं नाही. पाय कसा वागतो हे रोज टाचणीनं टोचून बघत होते. मला झोपवून ठेवलं, पाठीला कडक पट्टा बांधला. तो पट्टा आणि माझं लुगडं यांत फरक एवढाच की पट्टा माझ्या मनानं सैल करता येत नव्हता. एका सकाळी टाचणी टोचली आणि मी शिवी दिली. नर्स खूष झाली. मला वाटलं हिचं डोकं फिरलं, शिवी खाऊन हसते. मग कळलं.

जिजी रोज डबा आणायच्या. तिखट कमी करून आणायच्या, म्हणून मी दोन दिवस नीट जेवले नाही. मग मीच सांगितलं, तुमचं आहे तसं आणा.

पुन्हा जळगाव

विमल आधीच घरी परतली होती. खापर तिच्याबरोबर गेलं होतं. दवाखान्यात पडल्या पडल्या मी पायापेक्षा त्याचाच विचार जास्त केला, हे खरं आहे. युसूफभाईनं मला गादीवर झोपवून आणलं. या वेळी त्यानं वाटेत एक शब्द काढला नाही. ते आणखी वाईट वाटत होतं.

जळगावात मी दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं. त्यानंही तेच सांगितलं. दोन डॉक्टर एकच बोलले म्हणजे एक तर ते खरं असतं, नाहीतर दोघं ओळखीचे असतात. ओळखीचे नव्हते, मी चौकशी केली.

खापर माझ्या घरी कोनाड्यात होतं, गोधडीत, माझीच गाठ मारल्यासारखी गाठ मारून. मी गाठ सोडली आणि बोटानं वाजवलं. टण्. पुन्हा वाजवलं, दुसऱ्या बाजूनं. टण्.

विमल संध्याकाळी आली. दारातच उभी राहिली.

"अक्का, जिजीनी पोरीनं लगीन फाल्गुनमा शे. मांडासनी ऑर्डर माले दिधी."

"आणि तू घेतलीस."

"घेतली."

बघा. मी चुकले नव्हते.

"कोणत्या खापरावर करशील?"

"नवं लिधं."

"नव्या खापराले पोळी चिकटते."

"चिकटू द्या. तुम्हनं नेलं तर तुम्ही टेम्पोमांगे पळत येशात. डॉक्टरनी पळू नका सांगेल शे."

मला हसू आलं, पण पट्ट्यामुळे हसता येत नाही. मी तिला सांगितलं की नव्या खापराला आधी तेल आणि ताक लावून मंद जाळावर तापव, पहिले मांडे कुत्र्याला घाल, पाहुण्यांना घालू नको. ती म्हणाली, माहीत शे. मी म्हटलं, माहीत असतं तर विचारायला आली नसतीस. ती म्हणाली, मी कुठे काय विचारलं? खरंच तिनं काही विचारलं नव्हतं.

तिनं पाय का दिला नाही, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. माझ्यासाठी दिला नाही, की उद्या मी लुळी पडले असते तर तिच्या पायाला बोल लागला असता म्हणून दिला नाही, हे मला माहीत नाही. दोन्ही असेल. तिच्या दारात सकाळी कंबर धरून लोक अजून उभे राहतात. ती आता सगळ्यांना आधी विचारते, पडला होतात का? हे मला खिडकीतून ऐकू येतं.

मी पट्टा बांधून चालते. डाव्या पायाच्या दोन बोटांना अजून काही कळत नाही. चप्पल सुटली तर बघून घालते. जमिनीवर बसता येत नाही, म्हणून मांडे बंद आहेत. खापर कोनाड्यात आहे.

त्या टेम्पोत आम्ही तिघं होतो. युसूफभाई, विमल आणि मी. तिघंही जिवंत आहोत, आणि तिघंही आपापल्या पायांवर.